कोकणकड्यावरचा कर्नल

आपल्या हॉस्टेलवर राहायला आलेल्या माणसाला दोन गोष्टी चुकत नाहीत. एक म्हणजे मेसची पातळ आमटी आणि दुसरी हरिश्चंद्रगडाचा नाइट ट्रेक. सबमिशन संपतं, कुणीतरी नोटीस बोर्डाशेजारी कागद चिकटवतो, संध्याकाळपर्यंत त्यावर पंचवीस नावं पडतात आणि शनिवारी दुपारी ओतूरमार्गे खिरेश्वरला जाणाऱ्या गाडीत आपली अख्खी विंग कोंबलेली असते. जुन्नरकरांना हा गड म्हणजे घरचाच. गड आहे अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात. पण पायथ्याचं खिरेश्वर आपल्या जुन्नर तालुक्यातलं. त्यामुळे हक्क आपलाच, असं आपण धरून चालतो.

मी पहिल्यांदा गेलो ते सेकंड इयरला. तोलार खिंडीपर्यंत फुशारकी, खिंडीनंतरच्या कातळावर रेलिंगला धरून रामनाम, आणि मग त्या न संपणाऱ्या टेकड्या. दुपारी चारला कोकणकड्यावर पोचलो तेव्हा एका सिनियरने नेहमीची गोष्ट सांगितली. १८३५ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाला या कड्यावरून इंद्रवज्र दिसलं. इंद्रवज्र म्हणजे गोल इंद्रधनुष्य, मधोमध आपली सावली. तेव्हा आता गप्प बसा आणि समोर बघा. आम्ही पंचवीस जण कड्यापासून मागे सरकून पोटावर पडलो आणि सूर्य मावळेपर्यंत समोर बघत राहिलो. इंद्रवज्र काही दिसलं नाही. डोळे मात्र दिपले.

सोमवारी ही कहाणी फिजिक्सच्या सरांना सांगितली. सरांनी एकच प्रश्न विचारला. सूर्य कुठे होता? मी म्हणालो, समोर. मग सावली कुठे पडणार? मी म्हणालो, मागे. सर काही न बोलता वर्गात निघून गेले. व्हायवाला गप्प बसतात तसा मी गप्प.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. हा साइक्स कोण? तो तिथे कशाला गेला होता? आणि त्याला दिसलं ते आम्हाला का दिसलं नाही? शोधायला लागलो, आणि हाती लागला एक असा माणूस, ज्याची ओळख ट्रेकर मंडळींनी एका दृश्यात गुंडाळून टाकली आहे. त्याचीच ही गोष्ट.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० चा. घराणं इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं. आपण ज्या वयात दहावीच्या क्लासला जातो, त्या वयाच्या आधीच हा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात कॅडेट म्हणून दाखल झाला. साल १८०३. दोन वर्षांत, म्हणजे पंधराव्या वर्षी, तो लॉर्ड लेकच्या फौजेबरोबर भरतपूरच्या वेढ्यात होता. कॉलेज नाही, युनिव्हर्सिटी नाही. जे शिकला ते छावणीत आणि रस्त्यावर. १८१० पर्यंत त्याने हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांची दुभाष्याची परीक्षा दिली होती. आपल्याकडे बारा वर्षं इंग्रजी शिकून सेमिनारला पाय लटपटतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता एक कडू घोट. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. त्यात साइक्स होते, आणि अर्थातच इंग्रजांच्या बाजूने. त्यानंतर पुणं पडलं, आणि १८१८ मध्ये आपल्या जुन्नर भागातले किल्लेही एकामागून एक कंपनी सरकारच्या हातात गेले. ज्या माणसाचं कौतुक मी पुढे करणार आहे, तो आपलं राज्य बुडवणाऱ्या फौजेतला अधिकारी होता. हे विसरून त्याची गोष्ट सांगणं बरोबर नाही आणि एवढंच सांगून थांबणंही बरोबर नाही.

१८२० मध्ये साइक्स रजा घेऊन युरोपात गेले, चारेक वर्षं तिकडे हिंडले, लग्न केलं आणि १८२४ मध्ये परत आले. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. नव्याने ताब्यात आलेल्या दख्खनमध्ये नेमकं आहे काय, याचा सरकारला पत्ता नव्हता. माणसं किती, गावं किती, जमीन कोणाची, पीक कोणतं, पाऊस किती, काही म्हणजे काही माहीत नाही. ऑक्टोबर १८२४ मध्ये एल्फिन्स्टननी साइक्स यांना स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमलं. थोडक्यात, सगळं मोजून आण असा हुकूम. क्षेत्र होतं पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे चार जिल्हे. वय वर्षं चौतीस.

आपण सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला कॅम्पसमध्येच टेप धरून दोन तास फिरतो आणि मग चहाच्या टपरीवर दमून बसतो. साइक्स यांनी ही मोजणी सहा वर्षं केली. तंबू, घोडा, नोकरचाकर, हमाल आणि पेट्या भरून उपकरणं. त्या उपकरणांतलं सगळ्यात नाजूक म्हणजे पाऱ्याचा बॅरोमीटर. सुमारे तीन फुटांची काचेची नळी, आत पारा. उंचावर गेलो की हवेचा दाब कमी होतो, पारा खाली उतरतो, आणि किती उतरला यावरून उंची काढता येते. तत्त्व अकरावीतलं. पण ही काच हमालाच्या खांद्यावरून सह्याद्रीच्या वाटेने वर न्यायची म्हणजे काय, ते ज्याने तोलार खिंडीच्या वरचा कातळ चढलाय त्यालाच कळेल. एक पाय घसरला की नळी फुटली, आणि दुसरी लवकर मिळायची नाही.

म्हणून त्यांनी आणखी एक पद्धत वापरली, आणि ती मला सगळ्यात आवडली. पाणी उकळायचं. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंश सेल्सियसला उकळतं. वर जावं तसा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानालाच उकळायला लागतं. ढोबळ हिशेबाने दर तीनशे मीटरला एक अंश कमी. म्हणजे एक थर्मामीटर, एक भांडं आणि चार काटक्या एवढ्यावर डोंगराची उंची निघते. साध्या थर्मामीटरने उंची कशी काढावी यावर साइक्स यांचा लेख १८३८ साली लंडनच्या भूगोल संस्थेच्या नियतकालिकात आला. महागडं उपकरण नाही म्हणून प्रोजेक्ट अडलंय असं सांगणाऱ्यांनी तो जरूर आठवावा.

बॅरोमीटरचं दुसरं एक काम होतं. आपल्या भागात हवेचा दाब रोज दोनदा वाढतो आणि दोनदा उतरतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे चारच्या आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. फरक अगदी किरकोळ, पण घड्याळासारखा नेमाचा. समुद्राची भरती चंद्र ओढतो. ही हवेची भरती मुख्यतः सूर्याच्या उष्णतेने येते. दख्खनमधल्या या भरतीची नोंद साइक्स यांनी चिकाटीने ठेवली. आता विचार करा. ही नोंद करायची तर रात्री दहाला जागं पाहिजे आणि पहाटे चारलाही उठलं पाहिजे. तेही डोंगरात, थंडीवाऱ्यात. आपण पहाटे चारला जागे असतो ते फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री, आणि तेव्हाही नोंद काहीच होत नाही.

मोजता मोजता हा माणूस बघायचाही. ताल धरून एकावर एक रचलेले काळ्या दगडाचे आडवे थर, त्यांच्या पायऱ्या, सरळ तुटलेले कडे, या सगळ्यावर त्यांनी पुढे भूशास्त्राचा निबंध लिहिला. दख्खनमधले पक्षी गोळा केले, त्यांची यादी १८३२ साली छापली. आपल्या कॉलेजमागच्या ओढ्यात मान आखडून बसणारी ती मातकट ढोकरी, म्हणजे वंचक, तिला शास्त्रीय नाव आणि वर्णन पहिल्यांदा दिलं ते साइक्स यांनी. झुडपात शेपटी उभी करून ओरडणारा राखी वटवट्या, तोही त्यांचाच. एका चंडोलाला तर आजही जगभर साइक्सचा चंडोल म्हणतात. जंगली कुत्रा म्हणजे आपला कोळसुंदा, त्याला १८३१ साली त्यांनी दख्खनचं नाव देऊन टाकलं होतं.

माशांची गंमत आणखी वेगळी. मासा धरला की त्याला लॅटिन नाव द्यायची पद्धत. साइक्स यांनी कित्येक माशांना नावं देताना सरळ स्थानिक नावच उचललं आणि लॅटिनच्या पंगतीत बसवलं. महसीरच्या जातीतला तो मोठा मासा, त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. ओढ्यातल्या दगडाला चिकटून राहणारा छोटा मासा, गारा मुल्या. तसेच कोळस, बोगट, नुक्ता. १८३९ साली ही नावं कागदावर आली ती अजून आहेत. पॅरिसचा असो की टोकियोचा, प्राणिशास्त्रज्ञ आजही या माशांची नावं घेताना मुळा-भीमेच्या काठच्या कोळ्याभोयांचे शब्दच उच्चारतो. त्याला ते माहीत नसतं, एवढंच.

आणि आता आपलं जुन्नर. शिवनेरीच्या पोटात, मानमोडीत, लेण्याद्रीला जी लेणी आहेत, त्यांतले शिलालेख साइक्स यांनी नकलून घेतले. गंमत अशी की तेव्हा ती ब्राह्मी लिपी वाचता येणारा माणूस जगात कुठेही नव्हता. जेम्स प्रिन्सेपने तिचं कोडं पूर्ण सोडवलं ते १८३७ मध्ये, आणि जुन्नरच्या लेखांवरचं साइक्स यांचं टिपण लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने छापलं तेही त्याच साली. म्हणजे एक अक्षर कळत नसताना माणूस अक्षरं उतरवून ठेवत होता. आज ना उद्या कुणीतरी वाचील, या भरवशावर. आपण समजत नसलेलं जर्नल कॉपी करतो त्याला मी पूर्वी हेच उदाहरण दिलं असतं, पण फरक आहे. त्यांनी पाहून उतरवलं, आपण न पाहता.

आता कोकणकडा.

साइक्स हरिश्चंद्रगडावर मुक्काम करून राहिले होते. कारण उघड आहे. चौदाशे मीटरच्या वर उंची, एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला हजारो फूट खाली कोकण. हवा, पाऊस, धुकं आणि दाब यांचा अभ्यास करायला याहून चांगली प्रयोगशाळा सापडायची नाही. सहज जाता जाता म्हणून एक उल्लेख: हरिश्चंद्रगड हा ब्रिटनच्या सगळ्यात उंच डोंगरापेक्षा, बेन नेव्हिसपेक्षा, उंच आहे. साहेबाच्या देशात एवढं उंच काही नव्हतंच.

कड्यावर राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं की कोकणातलं धुकं कधी कधी भिंतीसारखं उभं राहतं. खालून वर येतं, कड्याच्या काठापर्यंत पोचतं, काठाच्याही थोडं वर जातं, पण माथ्यावर सांडत नाही. असंच एकदा झालं. साइक्स काठाजवळ होते, धुक्याच्या अगदी लगत पण बाहेर. पाठीमागे निरभ्र आकाशात सूर्य, तोही अगदी खाली, क्षितिजाजवळ. आणि समोर धुक्याच्या पडद्यावर रंगांचं पूर्ण वर्तुळ. इंद्रधनुष्यासारखी कमान नव्हे, अख्खं वर्तुळ. अर्धं उभं राहिलेल्या पातळीच्या वर, अर्धं खाली. आत, चौकटीत तसबीर बसवावी तशा सावल्या. त्यांची स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची.

बरोबरच्या माणसांचा विश्वासच बसेना. धुक्यात उभी असलेली ही माणसं म्हणजे आपणच, हे कसं मानायचं? मग त्यांनी हात हलवून पाहिले, पाय झाडून पाहिले, अंग वाकडंतिकडं करून पाहिलं. समोरचे तसंच करतात का, याची खात्री केली. भीती जायला जरा वेळ लागला, पण गेली. आणि साइक्स? त्यांनी त्या वर्तुळाच्या व्यासाचा अंदाज केला. पन्नास ते साठ फूट. त्याहून मोठं झालं नाही, अशी नोंद केली.

मला यात दोघंही आवडतात. साहेबाने मोजलं म्हणून तो शास्त्रज्ञ ठरला. पण त्या नोकरांनी काय केलं? शंका आली, प्रयोग केला, निष्कर्ष काढला. हात हलवला की सावली हलते, म्हणजे ती माझीच. लॅबमध्ये आपण याहून वेगळं काय करतो? त्यांची नावं मात्र कुणी लिहिली नाहीत. बॅरोमीटर खांद्यावर वाहून नेणाऱ्याचं नाही, घोडा धरणाऱ्याचं नाही आणि त्या कड्याची वाट दाखवणाऱ्याचंही नाही.

यामागचं भौतिकशास्त्र थोडक्यात. सूर्य पाठीशी आणि खाली असला की आपली सावली समोर लांब पडते. समोर जमीन नसून धुकं असलं तर सावली धुक्यावर पडते. धुक्यातल्या बारीक थेंबांवर पडलेला प्रकाश आल्या दिशेने माघारी फिरतो आणि तसं होताना रंग सुटे होऊन वर्तुळं दिसतात. वर्तुळाचा मध्य नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोक्याच्या सावलीवर. खाली जमीन आडवी येत नाही, म्हणून वर्तुळ पुरं दिसतं. जर्मनीत ब्रॉकेन नावाच्या डोंगरावर असल्या सावल्या दिसतात, म्हणून युरोपात त्यांना ब्रॉकेनचं भूत म्हणतात. आपल्याकडे इंद्रवज्र. नाव आपलं जास्त चांगलं आहे.

आणि म्हणूनच आमच्या त्या संध्याकाळचा पचका. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेकडे. पश्चिमेच्या धुक्यावर सावली पडायची तर सूर्य पूर्वेला हवा, आणि तोही खाली. म्हणजे वेळ सकाळचीच. सकाळी सूर्योदयाला कड्यावर असायचं तर खिरेश्वरहून पहाटे निघून जमत नाही. रात्र गडावरच काढायला हवी. दिवसात धावत वर जाऊन, फोटो काढून, संध्याकाळी मेसच्या जेवणाला परत येणाऱ्याला हे दिसायचं नाही. जो मुक्काम करतो त्यालाच दिसण्याची शक्यता आहे. हे मला तरी फार योग्य वाटलं.

आता त्या १८३५ च्या आकड्याचं. कोकणकड्याची गोष्ट सांगणारे सगळे १८३५ म्हणतात. मीही म्हणायचो. पण साइक्स यांचा हिंदुस्थानातला मुक्काम संपला १८३१ मध्ये! मग चार वर्षांनी ते कड्यावर कसे उभे राहतील? त्याचं उत्तर सोपं आहे. १८३५ हे दृश्य दिसल्याचं साल नाही. ते छापून आल्याचं साल आहे. दख्खनच्या हवामानावरचा त्यांचा मोठा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली प्रसिद्ध केला, त्यात हे वर्णन आहे. पुढे कुणीतरी दोन्ही एकच समजलं आणि आपण सगळ्यांनी ते पुढच्या बॅचला दिलं, जुन्या जर्नलसारखं.

१८३१ मध्ये ते का गेले, ही गोष्ट तर मला कड्याहूनही मोठी वाटते. डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने स्टॅटिस्टिकल रिपोर्टर हे पदच रद्द केलं. काम अर्धवट. दुसरा कुणी असता तर कागद बांधून ठेवून पलटणीत परतला असता आणि कुणी दोषही दिला नसता. साइक्स यांनी सैन्यातून रजा मागितली आणि ते काम बिनपगारी पुढे चालू ठेवलं. वर्षाहून अधिक काळ. जानेवारी १८३१ मध्ये अहवाल पुरे करून दिले आणि मगच जहाजात बसले. कुणाची सक्ती नाही, सबमिशनची तारीख नाही, मार्क नाहीत. काम पुरं व्हायचं होतं, एवढंच कारण.

इंग्लंडला गेल्यावर १८३३ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. म्हणजे गंमत बघा, कोकणकड्यावर उभे होते तेव्हा ते कर्नलही नव्हते. वय त्रेचाळीस. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं दख्खनमधून नेलेल्या वह्यांवर आणि मोजण्याच्या वेडावर गेली. लंडनमध्ये १८३४ साली संख्याशास्त्राची संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते आणि पुढे अध्यक्षही झाले. त्याच साली रॉयल सोसायटीचे फेलो. १८५६ मध्ये तर ते ईस्ट इंडिया कंपनीचे चेअरमन झाले. ज्या कंपनीत पोरवयात कॅडेट म्हणून शिरले, तिच्याच सर्वोच्च खुर्चीवर. पुढच्याच वर्षी सत्तावनचा उठाव झाला आणि १८५८ मध्ये कंपनीचं राज्य गेलं. खुर्ची मिळाली खरी, पण त्या खुर्चीचेच पाय जायची वेळ आली होती.

१८५७ पासून अखेरपर्यंत ते स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे खासदार होते. पण कड्याची आठवण गेली नव्हती असं मला वाटतं. कारण म्हाताऱ्या वयातही त्यांना उंचावरच्या हवेचा ध्यास होता. ब्रिटिश असोसिएशनने फुग्यात बसून वरची हवा मोजायचा उपक्रम काढला, त्याच्या समितीत साइक्स पुढाकाराने होते. त्याच उपक्रमात ५ सप्टेंबर १८६२ रोजी ग्लेशर आणि कॉक्सवेल हे दोघे फुग्यातून २९ हजार फुटांच्याही वर गेले. ग्लेशरची शुद्ध हरपली, कॉक्सवेलचे हात थंडीने निकामी झाले. त्याने झडपेची दोरी दातांनी ओढली म्हणून दोघे जिवंत परत आले. बॅरोमीटर घेऊन आपला डोंगर चढणारा माणूस आता सत्तरीच्या पुढे होता. स्वतःला जाता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्यांना वर पाठवत होता. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये ते वारले.

इंद्रवज्राची गोष्ट मात्र इथे संपत नाही. सप्टेंबर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण त्या बेन नेव्हिसच्या वेधशाळेत काही आठवडे राहायला गेला. तिथे त्याला धुक्यावर अशीच रंगीत वर्तुळं दिसली. हे लॅबमध्ये करून बघावं म्हणून त्याने काचेच्या भांड्यात कृत्रिम ढग तयार करायला घेतले. त्यातून निघाला क्लाउड चेंबर, ज्यात अणूच्या पोटातल्या कणांच्या वाटा डोळ्यांना दिसतात. १९२७ चं नोबेल पारितोषिक त्यासाठीच. आपल्या गडाहून ठेंगण्या डोंगरावर मुक्काम केला म्हणून नोबेल मिळालं, असं मी म्हणणार नाही. पण मुक्काम केला नसता तर ते सुचलं नसतं, एवढं खरं.

साइक्स यांना मी थोर म्हणावं की नाही, हे अजून माझं ठरलेलं नाही. त्यांची मोजणी शेवटी राज्य करणाऱ्यांसाठी होती. शेतसारा कुणाकडून किती घ्यायचा, हे ठरवायला असले आकडे लागतात. पण आकडे एकदा खरे लिहून ठेवले की ते फक्त मालकाचे राहत नाहीत. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या नद्यांत कुठले मासे होते, आपल्या माळावर कुठले पक्षी होते, हे आज आपण त्याच नोंदींवरून सांगतो. आणि आपल्या लोकांनी, आपल्या गडांवर पिढ्यान्‌पिढ्या राहून, हे वर्तुळ पाहिलं नसेल का? नक्की पाहिलं असणार. इंद्राचं वज्र म्हणावं इतकं ते दिपवणारं आहे. पण कुठल्या वेळी दिसलं, केवढं होतं, सूर्य कुठे होता, हे कागदावर आलं नाही. म्हणून नाव राहिलं परक्याचं. ही त्याची चूक नाही. आपल्याला लागलेली ठेच आहे.

फायनल इयरला पुन्हा गेलो. या वेळी चौघेच. कागद चिकटवला नाही, ढोल नाही, स्पीकर नाही. सॅकमध्ये मॅगीच्या जोडीला फिजिक्स लॅबमधला एक थर्मामीटर, सरांच्या सहीने, मोज्यात गुंडाळून. रात्री देवळाजवळ मुक्काम केला. गावातून बांधून आणलेलं पिठलं-भाकरी खाल्लं आणि चहाचं आधण ठेवलं तेव्हा त्यात थर्मामीटर धरला. पारा पंच्याण्णव आणि शहाण्णवच्या मधे येऊन थांबला. हेडटॉर्चच्या उजेडात हिशेब केला. उंची निघाली साधारण साडेतेराशे मीटर. त्या थर्मामीटरवर एका अंशाच्याच रेघा, म्हणजे चूक दीडशे मीटर इकडे किंवा तिकडे. तरी काय आनंद झाला म्हणून सांगू! चार वर्षांत पहिल्यांदाच एक रीडिंग आधी घेतलं आणि उत्तर नंतर पाहिलं.

रात्री दहाला दाब मोजायला आमच्याकडे बॅरोमीटर नव्हता. पण पहाटे चारला मात्र उठलो, निदान त्या माणसाच्या मानासाठी. तारामतीवरून वारा सुटला होता. अंधारात टॉर्च मारत कड्याकडे गेलो आणि काठापासून दहा-बारा पावलं मागे, वाऱ्याला पाठ देऊन बसलो. काठाचा मोह ज्याने त्याने आवरावा. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला कडा आहे तो, आपण उभे असतो त्याच्याखाली काहीच नसतं.

उजाडलं. कोकणातून धुकं वर आलं, अगदी काठापर्यंत. मागे सूर्य निघाला. आणि मग वाऱ्याने ते धुकं काठ ओलांडून आमच्यावरच ओतलं. सगळं पांढरं. शेजारचा दिसेना, मग वर्तुळ कुठलं! अर्धा तास तसेच ओलेचिंब बसून राहिलो आणि परत फिरलो. इंद्रवज्र दुसऱ्यांदा चुकलं. पण या वेळी का चुकलं ते माहीत होतं. वहीत लिहून ठेवलं: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, धुकं काठाच्या आत आलं. खाली चौघांची नावं. आणि वाट दाखवायला आलेल्या खिरेश्वरच्या काकांनी नाव घालू दिलं, म्हणून पाचवं त्यांचं.

ती वही हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये, जुन्या पेपरांच्या कपाटात ठेवली आहे. बरीच पानं कोरी आहेत. पावसाळा सरता सरता जा, गावातल्या माणसाला बरोबर घ्या, अभयारण्याचे नियम विचारून घ्या, कचरा खाली आणा आणि रात्र गडावर काढा. दिसलं तर लिहा. नाही दिसलं तरी लिहा.